केबिनच्या खिडकीतून : जुनी भुतं, जुने यंत्रमानव आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की पाऊस लागल्यापासून घरी बसून जुने भुताचे आणि विज्ञानकथांचे पिक्चर पुन्हा बघतोय, तुम्हीही बघा आणि कळवा. तुम्ही खरंच बघितलेत आणि कळवलंतही. निम्म्या पत्रांत तक्रार आहे. बरं झालं, नुसत्या कौतुकाला उत्तर काय देणार?

नव्या वाचकांसाठी सांगतो, मी समीक्षक नाही. १९७१ साली बार्शीच्या एका थिएटरात हेल्पर म्हणून लागलो, पुढे ऑपरेटर, म्हणजे केबिनमधून पिक्चरचं मशीन चालवणारा, झालो. १९७९ नंतर पुण्यात फिल्म सोसायट्यांसाठी १६ मिलिमीटरची मशीनं चालवली. ऑपरेटर पिक्चर सलग कधीच बघत नाही. त्याचं लक्ष मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या ज्योतीवर आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात उमटणाऱ्या ठिपक्यावर. पहिला ठिपका आला की दुसरं मशीन सुरू करायचं, दुसरा आला की चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावर दुसऱ्या मशीनचं चित्र. पिक्चर त्याला ऐकू येतो भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून, आणि खिडकीतून ऐकू येतं पब्लिक. म्हणून माझी उत्तरं डोळ्यांपेक्षा कानांची असतात. चालवून घ्या.

प्रश्न : 'महल' लहानपणी वडिलांबरोबर पाहिला होता आणि पुढे कित्येक रात्री आईच्या कुशीत झोपलो होतो. आता सत्तरीत पुन्हा पाहिला. शेवटी भूतबित काही नाही, माळ्याची मुलगी! लहानपणी मी बहुधा शेवटाआधीच झोपलो असणार. साठ वर्षं उगाच घाबरलो असं वाटलं. पुन्हा पाहायला नको होता का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : साहेब, तुम्ही गुपित फोडलंतच आहे, तेव्हा ज्यांनी 'महल' पाहिला नसेल त्यांनी सरळ पुढच्या प्रश्नावर जावं.

१९७४ च्या उन्हाळ्यात आम्ही 'महल' मॅटिनीला लावला होता, एक आठवडा. प्रिंट इतकी झिजलेली की पडद्यावर सबंध पिक्चरभर रेघांचा पाऊस. रोज तीन-चारदा तुटायची. पिटातलं, पडद्याजवळच्या स्वस्त जागांवरचं, पब्लिक म्हणजे बाजाराला आलेली माणसं, हमाल, शाळा चुकवलेली पोरं. सगळ्यांच्या हातात भाजलेल्या शेंगांचा पुडा. आमच्या थिएटरात संवादांच्या खाली कायम एक आवाज चालू असायचा, शेंगा फोडल्याचा. केबिनमध्ये मशीनच्या खडखडाटातही तो कळायचा. पिक्चर कंटाळवाणा झाला की वाढायचा, मारामारी आली की थोडा कमी व्हायचा.

'महल'मध्ये घड्याळात दोनचे ठोके पडले की तो बंद. पार बंद. मग लांबून तो आवाज यायचा, 'आएगा आनेवाला'च्या आधीच्या ओळींचा, आणि गाणं पुरतं सुरू होईपर्यंत एक शेंग फुटायची नाही.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. बार्शी केवढीशी! दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं होतं की भूत खोटं आहे. पाचव्या दिवशी मॅटिनीला आलेल्यांत निम्मे तरी दुसऱ्यांदा आलेले होते, शेजारच्याला आधीच सगळं सांगणारे. तरी दोनचे ठोके पडले की शेंगा थांबायच्या. मी सात खेळ मोजलेत. माळ्याची मुलगी माहीत असूनही थांबायच्या.

हे कसं होतं ते पुढे वाचनात आलं. रेकॉर्डिंगच्या वेळी माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला होता आणि लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या ओळी म्हणत म्हणत त्या चालत यायच्या आणि मुखड्याला माइकशी पोचायच्या. आवाज जवळ येतोय असं आपल्याला वाटतं, कारण तो खरोखरच जवळ येत होता. वय एकोणीस-वीस. अंतर किती टाकायचं आणि श्वास कुठे घ्यायचा, दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं. आज एक बटण फिरवलं की आवाज लांब जातो, पण त्या आवाजात पावलं नसतात.

आणखी एक गंमत. त्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं होतं, कामिनी. लोक रेडिओला पत्रं घालून विचारत होते की ही गाते कोण. म्हणजे पिक्चरमधलं भूत खोटं होतं, पण काही दिवस देशभर एक बिननावाचा आवाज मात्र खरंच फिरत होता. संगीतकार खेमचंद प्रकाश दुसऱ्याच वर्षी, १९५० साली, गेले. छायाचित्रण करणारे जोसेफ विर्शिंग हे जर्मन होते, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्याबरोबर आलेले. त्या हवेलीत उजेड किती कमी आहे बघा. आमच्या कार्बनच्या मशीनवर तो पिक्चर दाखवायचा म्हणजे परीक्षाच. ज्योत जरा मंदावली की पडद्यावर नुसता काळोख, आणि पिटातून माझ्या आईचा उद्धार.

तुम्ही तिसऱ्यांदा पाहा असं मी म्हणेन. या खेपेला भूत शोधू नका, अशोककुमारकडे बघा. त्या माणसाला भूत हवंच आहे. जिवंत बायको समोर असताना तो तिला ओसाड रानात नेऊन ठेवतो आणि आपण घड्याळाच्या ठोक्यांची वाट बघत बसतो. ती बिचारी विष घेते. लहानपणी तुम्ही मधुबालेला घाबरलात. सत्तरीत मला तरी त्या नवऱ्याची जास्त भीती वाटते.

प्रश्न : आमचे आजोबा सांगायचे की 'मधुमती'मधलं नैनिताल आमच्या इगतपुरीचं आहे. घरचे सगळे त्यांना हसायचे. खरं काय?
– एक वाचक, इगतपुरी

उत्तर : आजोबांची माफी मागा. 'मधुमती'चं (१९५८) चित्रण नैनितालच्या बाजूला झालंच होतं, पण फिल्म धुतल्यावर बराचसा भाग धुरकट निघाला. पुन्हा तिकडे जाणं जमण्यासारखं नव्हतं. मग वैतरणा धरणाजवळ, तुमच्या इगतपुरीच्या मुलखात, कलादिग्दर्शक सुधेंदु रॉय यांच्या माणसांनी खोटी पाइनची झाडं रोवली आणि बिमल रॉय यांनी बाकीचं काम उरकलं. फिल्म धुरकट निघाली म्हणून रडायचं आणि मग तेच धुकं पैसे खर्चून तयार करायचं! दिलीपकुमार झाडांतून हाका मारत फिरतो तेव्हा झाडाच्या बुंध्याकडे बघा. खरं कुठलं आणि खोटं कुठलं, मला आजवर ओळखता आलेलं नाही. तुम्ही तिथलेच, तुम्हाला डोंगर तरी ओळखता येतील. ओळखले तर कळवा.

प्रश्न : काका, होस्टेलवर आम्ही १९५४ चा जपानी 'गोजिरा' (म्हणजे गॉडझिला) लावला. रबरी पोशाख घातलेला माणूस खेळण्यातली घरं तुडवतोय हे सरळ दिसतं. सगळे खूप हसले. याला 'क्लासिक' का म्हणतात?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : हसलात त्यात काही चूक नाही. आत माणूसच होता, हारुओ नाकाजिमा. पोशाखाचं वजन शंभर किलोच्या आसपास, आत गुदमरून त्याला भोवळ यायची. घरं लहान होती म्हणून चित्रण जास्त वेगानं केलेलं आहे. तीच फिल्म आमच्यासारख्यांच्या मशीनवर नेहमीच्या, म्हणजे सेकंदाला चोवीस चौकटींच्या गतीनं चालली की हालचाल संथ होते आणि लहान वस्तू जड वाटते. भिंत कोसळताना विटा किती सावकाश पडतात बघ.

पण तुम्ही राक्षस आल्यावर हसायला लागलात. त्याच्या आधीचं काय पाहिलंत? पहिलाच प्रसंग आठव. बोटीवर खलाशी निवांत बसलेत, एकजण वाजवतोय. पाण्यातून लख्ख उजेड, बोट पेटते, आणि बिनतारी यंत्रावर बसलेला माणूस मदतीचे संदेश पाठवत राहतो. हे कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. त्याच वर्षी, १ मार्च १९५४ ला, अमेरिकेनं बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. त्याची राख 'लकी ड्रॅगन नंबर ५' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर तेवीस माणसं होती, सगळी आजारी पडली. सप्टेंबरात त्यांच्यातला एकजण दगावला, आणि तो बोटीचा बिनतारी संदेशवाला होता. 'गोजिरा' थिएटरात लागला ३ नोव्हेंबरला. तिकीट काढून बसलेल्या जपानी माणसाला ती पेटती बोट बघून हसू आलं असेल का, तूच सांग.

आगगाडीतला प्रसंग बघ. एक बाई अगदी सहज बोलून जाते की नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. दवाखान्यात एका लहान पोराच्या अंगाजवळ किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र धरतात आणि ते टकटक वाजायला लागतं. तिथे राक्षस नाही, रबर नाही. १९५६ साली अमेरिकेत दाखवताना त्यांनी आपला एक नट वार्ताहर म्हणून मध्ये घुसवला आणि बॉम्बबद्दलचं बरंचसं बोलणं कापलं. तुम्ही बहुधा मूळ जपानीच पाहिलात. नसेल तर तो शोध.

आता माझ्या आवडीची गोष्ट. ती डरकाळी कुठल्याच जनावराची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास नावाच्या मोठ्या तंतुवाद्याच्या तारा सैल केल्या, चामड्याच्या हातमोज्याला राळ लावली आणि तो तारांवरून ओढला. मग टेपची गती कमी केली. होस्टेलवर पुन्हा लावाल तेव्हा पडद्यावर चादर टाका आणि दिवे घालवून नुसतं ऐका. हसलात तर मला पत्र टाक.

प्रश्न : १९८० च्या आसपास पुण्यात एका फिल्म सोसायटीत 'मेट्रोपोलिस' पाहिला होता. मशीनवर कदाचित तुम्हीच असाल. मागच्या महिन्यात पुन्हा पाहिला तर कितीतरी प्रसंग मला अजिबात आठवेनात. माझी स्मरणशक्ती गेली की काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मीच असणार, आणि तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे. ते प्रसंग तेव्हा नव्हतेच.

१९२७ च्या जानेवारीत बर्लिनला दाखवल्यानंतर फ्रिट्झ लांग यांच्या या मूकपटाची बरीच काटछाट झाली. आपण पाहिला तो कापलेलाच. मला तेव्हाही प्रश्न पडायचा की तो हात तुटलेला शास्त्रज्ञ बाईच्या रूपाचा यंत्रमानव करायला का बसलाय? वेडा म्हणून? २००८ साली अर्जेंटिनात, ब्युनोस आयरिसच्या सिनेमा संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मवरून कुणीतरी १६ मिलिमीटरवर उतरवून ठेवलेली. उतरवताना ती पुसलीसुद्धा नव्हती, त्यामुळे मूळ फिल्मवरच्या रेघा त्यात कायमच्या बसल्या. २०१० साली नव्यानं जोडलेला पिक्चर आला. तुम्ही पाहिलात तो हा. जिथे चित्र एकदम खरबरीत आणि पावसाळी होतं, तो भाग अर्जेंटिनाचा.

आणि त्यात शास्त्रज्ञाच्या घरातला एक पुतळा आहे, हेल नावाच्या बाईचा. त्याची ती प्रेमाची बाई, दुसऱ्याशी लग्न करून गेली आणि बाळंतपणात वारली. यंत्रमानव तिच्यासाठी आहे. अमेरिकेतल्या काटछाटीत हा सगळा धागाच गेला होता, कारण इंग्रजीत त्या नावाचा अर्थ नरकासारखा लागतो. म्हणजे पन्नास वर्षं आपण ज्याला यंत्रयुगाची कथा म्हणत होतो त्याच्या पोटात मेलेल्या बाईला परत आणू पाहणारा माणूस बसला होता. अकोल्याच्या साहेबांनी हे उत्तरही वाचावं.

ज्या कुणी अनाम ऑपरेटरनं ती १६ मिलिमीटरची प्रत ब्युनोस आयरिसला मशीनवर चढवली असेल, त्याला माझा रामराम.

प्रश्न : रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीचा 'सोलारिस' दोनदा पाहूनही कळला नाही. तिसऱ्यांदा पाहू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आज एक कबुली देऊन टाकतो. एका सोसायटीत मी 'सोलारिस'ची दोन रिळं उलट्या क्रमानं चढवली. डब्यांवरचे आकडे रशियनमध्ये होते असं कारण देता आलं असतं, पण आकडे सगळीकडे सारखेच असतात. चूक माझी. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता, म्हणून घाम पुसत पुढे चालवला. खेळ संपल्यावर एक गृहस्थ केबिनपाशी येऊन म्हणाले, "काळाची काय मोडतोड केलीय दिग्दर्शकानं!" मी मान डोलावली.

तिसऱ्यांदा जरूर पाहा, पण कळण्यासाठी नको. त्यातला लांबच लांब मोटारप्रवास, भविष्यातल्या शहराचा म्हणून दाखवलेला, टोकियोच्या रस्त्यांवर घेतलेला आहे. आणि नायकाची मेलेली बायको पुन्हा पुन्हा खोलीत येऊन बसते. अवकाशयान बाजूला ठेवा, आपल्याकडे कुणीही आजी ही गोष्ट ओट्यावर बसून सांगेल.

प्रश्न : '२००१ : अ स्पेस ओडिसी' नातवाला दाखवायला घेतला. दहा मिनिटांत तो मोबाइल घेऊन बसला. कुठून सुरू करू?
– एक आजी, ठाणे

उत्तर : पहिली पंचवीस मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही, आणि नुसती माकडं. तुमचा नातू दहा मिनिटं टिकला, गुणी आहे.

आजी, सरळ पेनपासून सुरू करा. यानातल्या प्रवाशाला डुलकी लागलीय आणि त्याचं पेन हवेत तरंगतंय. नातवाला विचारा, १९६८ साली कॉम्प्युटरवर चित्रं करायची सोय नसताना हे कसं केलं असेल? डोकं खाजवू दे. मग सांगा, मोठ्या काचेवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं पेन चिकटवलं आणि काच हळूहळू फिरवली. यानातली हवाई सुंदरी ते काढून घेते तेव्हा बोटांनी किंचित ओढते. चार वेळा मागे नेऊन बघायला लावा.

नंतर त्याला हेडफोन द्या आणि यानाबाहेरचा भाग दाखवा. अवकाशात हवा नाही, म्हणून आवाज नाही. ऐकू येतो तो फक्त हेल्मेटमधला श्वास. आणि एका ठिकाणी तोही थांबतो. माझ्या मते सगळ्या भुताच्या पिक्चरांत मिळून त्याच्याइतकी भयंकर शांतता नाही. शेवटी हॅल हा कॉम्प्युटर बंद होताना 'डेझी बेल' हे जुनं गाणं म्हणतो. अमेरिकेत १९६१ साली बेल प्रयोगशाळेत कॉम्प्युटरला खरोखर हेच गाणं म्हणायला लावलं होतं. पिक्चरचे सहलेखक आर्थर क्लार्क यांनी ते तिथे जाऊन ऐकलं होतं. माकडांकडे मग तो आपणहून येईल. नाही आला तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : सुट्टीत आम्ही हौसेनं 'झपाटलेला' लावला. आम्ही लहानपणी पोट धरून हसलो होतो, पण सहा वर्षांची मुलगी आता कपाटातल्या बाहुल्या बाहेर काढायला सांगते. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : पहिली गोष्ट, बाहुल्या बाहेर काढून ठेवा. वाद घालू नका.

तात्या विंचू तुमच्या आठवणीत विनोदी आहे, कारण १९९३ साली तुम्ही लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे बघत होतात. पोर त्या बाहुल्याकडे बघतंय. तो रामदास पाध्ये यांनी केलेला शब्दभ्रमातला बाहुला आहे. दिलीप प्रभावळकर यांच्या आवाजातलं ते खर्जातलं बोलणं आणि लाकडी जबड्याची उघडझाप यांत केसभर फट राहते. तिथूनच भीती आत शिरते. मुलीला शब्दभ्रमाचा एखादा प्रयोग दाखवा, शक्यतो समोर बसून. जबडा कुठल्या दोरीनं हलतो ते एकदा तिच्या हातात आलं पाहिजे. मोज्याचा बाहुला करून तिलाच बोलायला लावा, पहिल्याच दिवशी ती तुम्हाला घाबरवायला लागेल. आणि तोवर "त्यात काय घाबरायचं" हे वाक्य घरात बंद.

प्रश्न : नवीन मोठ्या टीव्हीवर जुने पिक्चर विचित्र का दिसतात? मधुबाला जाडी दिसते.
– एक वाचक, लातूर

उत्तर : तिला जाडी करणारे तुम्ही! जुन्या पिक्चरची चौकट जवळपास चौकोनी असते आणि तुमच्या टीव्हीनं ती ओढून रुंद केलीय. सेटिंगमध्ये जाऊन चित्र मूळ आकारात ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. तिथेच हालचाल गुळगुळीत करण्याची एक सोय असते, ती बंद करा. सेकंदाच्या चोवीस चौकटींच्या मध्ये टीव्ही आपल्या मनच्या चौकटी घुसडतो आणि हवेलीतली सावली मालिकेतल्या सासूसारखी चालायला लागते. रंग भरलेली आवृत्ती लावत असाल तर मला सांगू नका.

प्रश्न : इतकी वर्षं रात्री एकटे केबिनमध्ये. कधी काही दिसलं का हो?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : गाववाल्यानं विचारलंत म्हणून सांगतो. दिसलं नाही, ऐकू आलं. 'महल'च्याच आठवड्यातली गोष्ट. शेवटचा खेळ साडेबाराला सुटला, पब्लिक गेलं, आणि मी बाकावर हातानं रीळ उलटं गुंडाळत बसलो होतो. खाली अंधाऱ्या थिएटरातून आवाज आला, टक. थोडं थांबून, टक टक. कुणीतरी पिटातून बाल्कनीकडे चालत यावं तसा. मी बॅटरी घेऊन जिन्यात उभा राहिलो. खाली कुणी नाही. आवाज डोक्यावरून पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या डोअरकीपरमामांना सांगितलं. ते पोट धरून हसले. दिवसभर तापलेले छताचे पत्रे रात्री थंड होताना आकसतात आणि खिळ्यांशी वाजतात. बार्शीच्या उन्हाळ्यात हे रोजचंच, तुझे कान आत्ता उघडले, म्हणाले.

पटलं मला. पूर्ण पटलं. त्या दिवसापासून शेवटचं रीळ मी सकाळी येऊन गुंडाळायला लागलो.